फिटचा आजार आणि गोळीची शिस्त



आपल्या स्मरणिकेत शिक्षण, इतिहास, कायदा अशा विषयांवर नेहमी लेख येतात. या वेळी मी एका आजाराविषयी लिहिण्याचे ठरवले आहे. मी डॉक्टर नाही. बँकेत कारकून आहे आणि शिक्षणाने कला शाखेचा पदवीधर. परंतु गेल्या दीड वर्षात हा आजार आमच्या घरात आला, त्यात आमच्याकडून चुका झाल्या, आणि त्या चुका इतरांकडून होऊ नयेत म्हणून हा लेखनप्रपंच.

माझा पुतण्या तेवीस वर्षांचा. आयटीआयमधून फिटरचा कोर्स करून तो चाकणच्या एका कारखान्यात ठेकेदारामार्फत कामाला लागला. चार मुलांनी मिळून तिथेच खोली भाड्याने घेतली होती. एका पहाटे तिसरी पाळी करून आल्यावर त्याला खोलीत पहिली फिट आली. सोबतच्या मुलांनी चप्पल हुंगवली, दातखीळ उघडण्यासाठी तोंडात चमचा घातला आणि त्यात त्याचा पुढचा दात तुटला. शुद्धीवर आल्यावर, “उपाशी होतास म्हणून चक्कर आली,” असे म्हणून विषय संपला. दोन महिन्यांनी पिंपरीत घरी, सर्वांच्या देखत, दुसरी फिट आली. मग दवाखाना, ईईजी, एमआरआय झाले. डॉक्टरांनी सांगितले, “मिरगी आहे. गोळ्या सुरू करू. घाबरू नका, पण गोळी चुकवू नका.”

आम्ही घाबरलो आणि गोळीही चुकवली. ती कशी, हे पुढे येईलच.

आजाराची ओळख

मिरगी, फेफरे, आकडी, फिट आणि आयुर्वेदातील अपस्मार ही सर्व एकाच आजाराची नावे. मेंदूतील पेशी एकमेकींशी सूक्ष्म विद्युत संदेशांनी बोलतात. काही क्षण पुष्कळ पेशी एकदम आणि बेसुमार संदेश सोडू लागल्या की फिट येते. माणूस पडतो, हातपाय झटकतो, तोंडाला फेस येतो. परंतु प्रत्येक फिट अशी नसते. कुणी काही सेकंद शून्यात बघत राहतो, कुणाचा एकच हात उडतो, कुणी नुसताच ओठ चघळत बसतो. वर्गात अशा मुलाला शिक्षक ‘लक्ष नाही’ म्हणून रागावतात.

एक फिट आली म्हणजे मिरगी झालीच असे नाही. तीव्र ताप, रक्तातील साखर एकदम उतरणे, दारू एकाएकी सोडणे यांमुळेही फिट येते. असे तात्कालिक कारण नसताना चोवीस तासांपेक्षा जास्त अंतराने दोन फिट आल्या, किंवा एकच आली पण तपासणीवरून पुन्हा येण्याचा संभव बराच दिसला, तर मिरगीचे निदान होते. डोक्याला मार, जन्माच्या वेळची इजा, मेंदूज्वर, पक्षाघात अशी कारणे असू शकतात. आपल्या देशात आणखी एक कारण महत्त्वाचे आहे. डुकरातील फीतकृमीची अंडी अस्वच्छ पाण्यातून किंवा न धुतलेल्या भाजीतून पोटात जातात आणि त्यांच्या अळ्या मेंदूत गाठी करतात. पुष्कळ रुग्णांत मात्र नेमके कारण सापडत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा आजार आहे, आणि योग्य निदान व उपचार मिळाले तर त्यांपैकी ७० टक्क्यांपर्यंत लोक फिटविना जगू शकतात. हा आजार स्पर्शाने होत नाही. तो वेड नव्हे आणि बाहेरची बाधाही नव्हे. ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या परंपरेतील सुमारे २४०० वर्षांपूर्वीच्या ग्रंथातही, हा आजार दैवी नसून मेंदूचा आहे, असे स्पष्ट सांगितले आहे. आपण अंगारेधुपारे सोडले असे सभेत म्हणतो. परंतु आमच्या घरी दुसऱ्या फिटनंतर तिसऱ्या दिवशी एका नातेवाईकाने गळ्यात बांधायला ताईत आणला होता, हे मला लपवायचे नाही.

गोळी काय करते

या आजारावर पहिले बऱ्यापैकी औषध ब्रोमाइड. ते १८५७ मध्ये लंडनचे डॉ. लोकॉक यांनी पुढे आणले. १९१२ मध्ये फिनोबार्बिटोन, १९३८ मध्ये फेनिटॉइन, त्यानंतर कार्बामॅझेपिन व सोडियम व्हॅलप्रोएट आणि अलीकडच्या काळात लॅमोट्रिजिन, लेव्हेटिरासिटॅम अशी औषधे आली. आज डॉक्टरांच्या हाती वीसहून अधिक औषधे आहेत. परंतु एक गोष्ट सर्वांना समान आहे. ही औषधे फिट येऊ देत नाहीत. आजार मुळापासून काढत नाहीत.

इथेच आपली गफलत होते. आपल्या पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पेनिसिलीन इथे तयार होऊ लागले. तेव्हापासून औषध म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पाच-सात दिवसांचा कोर्स येतो. जंतू मेले, कोर्स संपला, औषध बंद. मिरगीच्या गोळीला हा हिशेब लागू नाही. फिट आली नाही म्हणजे गोळीची गरज संपली असे नाही; गोळी काम करते आहे, असा त्याचा अर्थ.

माझ्या व्यवसायातले उदाहरण देतो. रक्तातील औषधाचे प्रमाण म्हणजे खात्यातील शिल्लक. शरीर त्यातून सतत रक्कम काढत असते. लेव्हेटिरासिटॅमचे प्रमाण साधारण ६ ते ८ तासांत निम्मे होते, म्हणून ते बहुधा दिवसातून दोनदा घ्यावे लागते. फिनोबार्बिटोनचे प्रमाण निम्मे व्हायला तीन-चार दिवस लागतात, म्हणून ते रात्री एकदाच घेतले तरी चालते. भरणा वेळेवर झाला तर शिल्लक किमान मर्यादेच्या वर राहते. दोन भरणे चुकले की ती मर्यादेखाली जाते आणि फिटला वाट मोकळी होते. म्हणून ‘सकाळ-संध्याकाळ’ या शब्दांचा अर्थ शक्यतो बारा तासांच्या अंतराने असा घ्यावा.

पहिले काही आठवडे

खरी परीक्षा या काळात असते. मेंदूला औषधाची सवय नसते. झोप येणे, डोके जड वाटणे, चक्कर, मळमळ, शब्द पटकन न आठवणे या तक्रारी सुरुवातीला पुष्कळांना होतात आणि काही आठवड्यांत बऱ्याचदा कमी होतात. म्हणूनच डॉक्टर अनेक औषधे लहान मात्रेने सुरू करून हळूहळू वाढवतात. रुग्णाला वाटते, डॉक्टर उगीच फेऱ्या मारायला लावतात. वस्तुतः ती सवय लावण्याची रीत आहे.

प्रत्येक औषधाचा स्वभाव वेगळा असतो. फेनिटॉइनने हिरड्या सुजतात, म्हणून दातांची स्वच्छता कसोशीने ठेवावी लागते. शिवाय त्याची मात्रा थोडी वाढवली तरी रक्तातील प्रमाण एकदम उडी घेते आणि माणूस झोकांड्या खाऊ लागतो. व्हॅलप्रोएटने वजन वाढणे, केस गळणे, हात थरथरणे असे होऊ शकते. कार्बामॅझेपिनने एकाची दोन दिसणे किंवा रक्तातील सोडियम कमी होणे संभवते. लेव्हेटिरासिटॅमने काहींचा स्वभाव चिडखोर होतो, काहींना उदास वाटते. हे सर्वांना होते असे मुळीच नाही. परंतु माहिती असली की दोष माणसाच्या माथी बसत नाही.

आमच्याकडे नेमके तेच घडले. पुतण्याला लेव्हेटिरासिटॅम सुरू केले होते. एरवी मुलगा शांत. पण दोन-तीन आठवड्यांत तो शब्दाला शब्द वाढवू लागला. एकदा भाजीत मीठ कमी म्हणून ताट भिरकावले. त्याच्या आईला वाटले, चाकणच्या संगतीने मुलगा बिघडला. भावाने त्याच्यावर हात उगारला. एका रात्री तो मला म्हणाला, “काका, गोळी घेतली की मी मी राहत नाही.” मी त्याला मन घट्ट कर, व्यायाम कर असा उपदेश केला. डॉक्टरांना कळवावे हे माझ्यासारख्या शिकलेल्या माणसाला सुचले नाही.

पाचव्या आठवड्यात त्याने कुणालाही न सांगता गोळ्या बंद केल्या. दोन दिवस त्याला हलके वाटले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कंपनीच्या बसची वाट पाहत उभा असताना त्याला फिट आली. रस्त्याच्या कडेच्या दगडावर पडून खांदा निखळला. मागून येणारा टेम्पो वेळेत थांबला म्हणून आज मी हा लेख लिहू शकतो.

ही गोळी अचानक बंद करणे धोक्याचे आहे. कधी कधी एकामागून एक फिट येत राहतात, मध्ये शुद्ध येत नाही आणि जीव जाऊ शकतो. गोळी सोसत नसेल तर ती सोडू नये, डॉक्टरांकडे जावे. आम्ही गेलो तेव्हा डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, “चिडचिड होते हे मला का नाही सांगितले?” त्यांनी दुसरे औषध हळूहळू वाढवत पहिले हळूहळू कमी केले. दोन महिन्यांत घरातला मुलगा घराला परत मिळाला.

पुढील लक्षणे दिसल्यास नेमलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे :

१. अंगावर पुरळ, विशेषतः ताप, तोंडात फोड किंवा डोळे लाल होणे यांसह. कार्बामॅझेपिन, फेनिटॉइन व लॅमोट्रिजिन यांच्या बाबतीत पहिल्या दोन महिन्यांत याकडे विशेष लक्ष द्यावे.
२. कावीळ, सतत उलट्या, पोटात तीव्र दुखणे.
३. तोल जाणे, जीभ जड होणे, खूप गुंगी.
४. जीव नकोसा वाटणे, आत्महत्येचे विचार येणे. हेही औषधाने होऊ शकते. ते सांगण्यात लाज नाही.

पाळी, झोप आणि काम

आपल्या भागाचा हा खास प्रश्न आहे. भोसरीपासून चाकणपर्यंत हजारो मुले पाळ्यांमध्ये राबतात. आठवड्याला पाळी बदलते, तशी झोप व जेवणाची वेळ बदलते. अपुरी झोप हे फिट येण्याचे मोठे निमित्त आहे. त्यातच ‘सकाळी नाश्त्यानंतर, रात्री जेवणानंतर’ ही सूचना तिसऱ्या पाळीच्या मुलाने कशी पाळायची? त्याचा नाश्ता म्हणजे झोपण्यापूर्वीचे जेवण!

यावर उपाय म्हणजे गोळी जेवणाला न बांधता घड्याळाला बांधावी. आम्ही डॉक्टरांना विचारून सकाळी आठ आणि रात्री आठ अशी वेळ ठरवली, कारण कोणत्याही पाळीत त्याला त्या वेळी गोळी घेता येते. मोबाइलमध्ये गजर लावला. सात कप्प्यांची डबी आणली. कप्पा रिकामा दिसला की गोळी घेतली, भरलेला दिसला की राहिली. दोन दिवसांच्या गोळ्या पाकिटात असतात, कारण ओव्हरटाइम सांगून येत नाही. रात्रपाळी टाळण्याबाबत डॉक्टरांचे पत्रही घेतले.

त्यानंतर प्रश्न आला कंपनीत सांगण्याचा. माझा आग्रह होता की सांगावे. पुतण्याचे म्हणणे, “काका, मी परमनंट नाही. उद्या गेटपास बंद केला तर कुणाला विचारणार?” त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. तरीही प्रेस मशिनवर हात असताना फिट आली तर काय होईल, याचा विचार करून त्याने शेवटी पाळीप्रमुखाला सांगितले. त्यांनी त्याला तपासणीच्या टेबलावर घेतले. नोकरी टिकली, मात्र ओव्हरटाइम गेला आणि महिन्याची कमाई घटली. सांगितल्याने सगळे सुरळीत होते असे मी लिहिणार नाही. पण फिट पूर्ण आटोक्यात येईपर्यंत उंचावरचे काम, भट्टी, उघडी यंत्रे, क्रेन व फोर्कलिफ्ट यांपासून दूर राहणे अपरिहार्य आहे.

वाहनाचेही तसेच. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नमुना १ वर मिरगी किंवा एकाएकी शुद्ध हरपण्याचा त्रास आहे काय, असा प्रश्न असतो. तिथे खोटे लिहून दुचाकी काढणाऱ्याने स्वतःबरोबर दुसऱ्याचाही जीव पणाला लावलेला असतो. घरीही न्हाणीघराला आतून कडी लावू नये, विहिरीत वा तलावात एकट्याने उतरू नये.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*एक गोळी राहिली तर?* साधारण नियम असा की आठवताच घ्यावी. पुढच्या गोळीची वेळ अगदी जवळ आली असेल तर राहिलेली सोडावी. भरपाई म्हणून एकदम दोन घेऊ नयेत. आपल्या औषधाचा नियम डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावा.

*स्वस्त कंपनीची गोळी चालेल का?* जनऔषधी दुकानांतील गोळ्यांनी खर्च बराच वाचतो. परंतु दर महिन्याला वेगळ्या कंपनीची गोळी असे करू नये. बदल डॉक्टरांना विचारून करावा आणि मग त्याच गोळीवर टिकावे. पाकीट संपण्याच्या आठवडाभर आधी पुढचे आणावे.

*इतर औषधे चालतात का?* प्रत्येक डॉक्टरला व दुकानदाराला आपल्या गोळीचे नाव सांगावे. क्षयाच्या औषधांनी या गोळ्यांचे रक्तातील प्रमाण बदलते. ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामकाने फिट येण्याचा संभव वाढतो. दारूपासून दूरच राहावे.

*मुलींचे काय?* फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन, फिनोबार्बिटोन यांमुळे गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होतो. व्हॅलप्रोएट गर्भारपणात घेतल्यास साधारण दहापैकी एका बाळात जन्मजात व्यंग आढळते, आणि बाळाच्या बौद्धिक वाढीवरही परिणाम होऊ शकतो. म्हणून लग्नाच्या वयाच्या मुलीसाठी शक्य तिथे दुसरे औषध निवडतात. परंतु दिवस राहिले म्हणून घाबरून गोळी बंद करणे आई व बाळ दोघांनाही घातक आहे. नियोजन आधी करावे; फॉलिक ॲसिडही डॉक्टर आधीच सुरू करतात. मिरगी असलेल्या बहुतेक स्त्रियांना निरोगी बाळे होतात.

*लग्न कायदेशीर ठरते का?* हिंदू विवाह कायदा, १९५५ आपल्या बौद्ध समाजालाही लागू आहे. त्यात १९७६ च्या दुरुस्तीने वेडाच्या झटक्यांबरोबर मिरगीचे वारंवार येणारे झटकेही विवाहाच्या आड आणले गेले होते. १९९९ च्या विवाह कायदे दुरुस्तीने मिरगीचा शब्द या कायद्यातून व विशेष विवाह कायद्यातूनही काढून टाकला. कायद्याने अडसर काढला. आपल्या सोयरिकींच्या बैठकीतून तो अजून निघायचा आहे. मात्र आजार लपवून लग्न करू नये. लपवलेल्या लग्नात सून गोळी न्हाणीघरात चोरून घेते, एखाद्या दिवशी ती राहते, आणि फिट सासरच्यांच्या समोर येते.

*गोळी जन्मभर घ्यायची का?* तसे नाही. दोन किंवा अधिक वर्षे फिट आली नाही, तर तपासणी करून डॉक्टर काहींची औषधे महिनोन्महिने थोडी थोडी कमी करत बंद करतात. काहींना मात्र दीर्घकाळ घ्यावी लागतात. ग्लासगो येथील २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पूर्वी उपचार न घेतलेल्या ४७० रुग्णांपैकी ४७ टक्क्यांच्या फिट पहिल्याच औषधाने थांबल्या आणि आणखी १४ टक्क्यांच्या दुसऱ्या वा तिसऱ्या औषधाने. म्हणजे पहिले औषध जमले नाही तरी दारे बंद होत नाहीत. औषधांनी न थांबणाऱ्या काही रुग्णांना शस्त्रक्रियेचा उपयोग होतो. लेखक डॉ. अनिल अवचट यांच्या कन्या यशोदा वाकणकर यांनी स्वतः हा आजार सोसला, शस्त्रक्रियेनंतर त्या त्यातून बाहेर आल्या, आणि त्यांनी पुण्यात मिरगीच्या रुग्णांसाठी ‘संवेदना फाउंडेशन’ हा स्वमदत गट उभा केला. क्षेत्ररक्षणासाठी जगभर नावाजलेला क्रिकेटपटू जाँटी ऱ्होड्स यालाही मिरगी आहे.

फिट आली तर

घड्याळ पाहावे. रुग्णाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, गळ्याजवळचे बटण सैल करावे, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्यात. हातपाय दाबून धरू नयेत. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नये. चप्पल, कांदा, किल्ल्या यांचा काही उपयोग नाही. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते आणि श्रेय चपलेला मिळते! पाच मिनिटांत थांबली नाही, शुद्ध न येता दुसरी आली, इजा झाली, स्त्री गरोदर असेल किंवा पहिलीच फिट असेल, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध पूर्ण येईपर्यंत जवळ बसून राहावे.

समारोप

पुतण्याच्या शेवटच्या फिटला आता चौदा महिने झाले. मी त्याला बँकेतल्या खतावणीसारखी एक वही आखून दिली आहे : तारीख, गोळीची वेळ, झोपेचे तास, त्रास, फिट. सुरुवातीला ती मी लिहीत असे. आता तो स्वतः लिहितो, आणि डॉक्टर आधी वही पाहतात, मग त्याला. त्याच्यासाठी दोन स्थळे आली. दोन्ही ठिकाणी आम्ही आजार आधीच सांगितला. एका घराने नकार दिला. दुसऱ्या घरातील मुलीने गोळीचे नाव विचारून घेतले. पुढचे अजून ठरायचे आहे.

समाजबांधवांना माझी विनंती एवढीच आहे. आपल्या घरात वा शेजारी कुणाला गोळ्या सुरू झाल्या असतील, तर पहिले तीन महिने त्याला एकटे सोडू नका. तो झोपाळू झाला, चिडखोर झाला, तर आधी गोळीवर शंका घ्या, माणसावर नंतर. त्याच्याबरोबर डॉक्टरांकडे जा. आणि विद्यार्थी मित्रांनो, ‘फिट आली तर’ हा भाग कागदावर उतरवून आपल्या वर्गात, खोलीत, कारखान्याच्या फलकावर लावा. माझ्या पुतण्याच्या खोलीत तो कागद असता, तर त्याचा दात आज जागेवर असता.